एका पट्टीवर दोन करंगळ्या

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या संगीतकारांबद्दल मला एक दाट संशय आहे. एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायचं, दोन हात तुझे आणि दोन माझे, असं संगीत त्या काळात ढिगाने लिहिलं गेलं. का, तर म्हणे तेव्हा रेडिओ नव्हता आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना घरी ऐकायच्या तर चार हात लागायचेच. असेल. पण मग त्या चार हातांची बोटं एकमेकांत अडकतील असे सूर कशाला लिहायचे? समोर आई विणकाम करत बसलेली, तिच्या देखत पोरगा-पोरगी खांद्याला खांदा लावून एका बाकावर, आणि कोणाला हूं की चूं करता येत नाही, कारण कागदावरच तसं छापलंय. हे सगळं त्या मंडळींनी पुरतं ठरवून केलेलं आहे, याबद्दल माझी खात्री आहे.

फक्त त्या बाकावर पुढे कधी दोन जावा येऊन बसतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नसणार.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. वय एकाहत्तर. शाळेत चौतीस वर्षं संगीत शिकवलेलं, त्यामुळे घरातही बोलतात ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मी त्रेसष्टची. माझा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. समोरच्याच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम ठेवायची, तिच्यात एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आमचे हे सांगतात, झोपेतही बोलते.

आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. पूर्वी आम्ही सगळे तळमजल्यावरच राहायचो, एका स्वयंपाकघरात. ते मोडलं मिठामुळे. शेगडीच्या उजव्या अंगाला त्या उभ्या राहायच्या, डाव्या अंगाला मी, आणि भाजीत मीठ घालणं हे आपलंच काम आहे अशी दोघींची पक्की समजूत. विचारायचं कोणी कोणाला नाही. विचारणं म्हणजे हार. चार वर्षं घरातल्या माणसांनी दोनदा मीठ पडलेली भाजी मुकाट्याने खाल्ली आणि घटाघटा पाणी प्यायलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी झाली, तेव्हा दोन्ही भाऊ एकमेकांकडे न बघता म्हणाले, "घेऊन टाकू." जाऊबाईंचं बिऱ्हाड वर गेलं आणि सगळ्यांचं पोट ताळ्यावर आलं. त्यानंतर घराण्यात एक गोष्ट कायमची ठरून गेली, की या दोघी एका छताखाली दोन दिवस राहू शकत नाहीत.

भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, पियानो दुरुस्त करायचे. त्यांनी स्वतःसाठी एक जुना, भिंतीला लावून ठेवायचा पियानो नीट केला होता आणि चार माणसं लावून तिसऱ्या मजल्यावर चढवला होता. दर रविवारी दुपारी चार वाजता नवराबायको त्यावर बसायची. उजवीकडे त्या, डावीकडे ते. एकोणीस वर्षांपूर्वी भावजी गेले. त्यानंतर चार महिने वरून आवाज आला नाही. मग एका रविवारी जाऊबाई जिन्यावरून ओरडल्या, "अगं, वर ये जरा. लहानपणी तीन वर्षं शिकली होतीस ना? बस इथे."

मी म्हटलं, "मला काही येत नाही हो."

"येत नाही ते दिसतंच आहे. बस."

तेव्हापासून डावी बाजू माझी. चार हातांच्या संगीतात डावीकडे बसणाऱ्याचं जिणं काय असतं ते मी सांगते. गाणं सगळं उजवीकडे. डावीकडे आपलं ढोम् ताक ताक, ढोम् ताक ताक, दोन पानं. लोक वाहवा करतात ती उजवीकडे बघून. सूर लांबवणारं पायाखालचं पेडल मात्र डावीकडच्याच्या ताब्यात असतं, त्यामुळे सूर गढूळ झाला तर तो दोष हमखास आपला. शिवाय जाऊबाईंना सवय अशी, की पेडल हवंसं वाटलं की त्या माझ्या पायावर पाय देतात. माझ्या उजव्या पायातल्या चपलेचा अंगठा इतर चपलांच्या आधी झिजतो, तो यामुळे.

आणि मग ती जागा. पुस्तकाचं मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेलं, आम्ही त्याला पिवळं पुस्तक म्हणतो. डावं पान माझं, उजवं त्यांचं. त्यातल्या सातव्या वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाच्या सुरावटीत, तिसऱ्या ओळीच्या शेवटी, माझा उजवा हात वर सरकत सरकत पियानोच्या मध्यावर येतो आणि करंगळी एका पट्टीवर टेकते. नेमकी तीच पट्टी पुढच्या क्षणाला जाऊबाईंच्या डाव्या करंगळीला हवी असते. मी उचलायची, त्यांनी टेकायची. एवढंच. एकोणीस वर्षांत मला ते एकदाही वेळेवर जमलेलं नाही.

"तुझी करंगळी म्हणजे मुदत संपली तरी जागा न सोडणारा भाडेकरू आहे," जाऊबाई म्हणायच्या. "बोट उचल म्हणून लिहिलंय ना तिथे?"

लिहिलेलं होतं खरं. पेन्सिलीने, त्यांच्या शाळेतल्या ठसठशीत अक्षरात. मूळ मजकूर भावजींसाठी होता, "बोट उचला!" मी बसायला लागल्यावर त्यांनी शेवटचा काना रबराने पुसला. बाईंचा काटकसरी स्वभाव.

"म्हणजे भावजीही उशिरा उचलायचे तर," मी एकदा म्हटलं.

"त्यांची गोष्ट वेगळी होती," जाऊबाई म्हणाल्या आणि एकदम चष्मा पुसायला लागल्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तो संगीतकारांबद्दलचा माझा संशय त्या दिवशीच पक्का झाला.

तर असं आमचं चाललं होतं. आमचे हे आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन बसायचे आणि अधूनमधून "वा!" म्हणायचे. एकोणीस वर्षांत त्यांचं "वा" एकदाही योग्य ठिकाणी पडलं नाही. एक तर सुरू व्हायच्या आधी, नाहीतर मी चुकले की.

या वर्षी जाऊबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. चोपन्न पायऱ्या. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस, आणि मधल्या दोन्ही वळणांवर थांबून त्या भिंतीचा रंग बघतोय असं दाखवायच्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात अकराव्या मजल्यावर राहतो. गुणी पोरगा आहे, त्याला नावं ठेवायला मला काही सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर याचाच मला राग आला. तो आला, आईचे गुडघे बघितले आणि म्हणाला, "आई, चल माझ्याकडे. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, नात आहे." पियानो न्यायचा प्रश्न नव्हता. लिफ्टमध्ये मावत नाही, आणि तिथले शेजारी जरा आवाज झाला की भिंत ठोकतात. पियानो जाऊबाईंच्या शाळेला द्यायचं ठरलं.

जाऊबाई हो म्हणेनात. मग पुतण्या माझ्याकडे आला.

"काकू, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल ती."

"माझं? तुझ्या आईने माझं शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवत नाही."

"तुम्ही जा म्हणालात की ती निघेल. तुम्ही काहीच बोलत नाही म्हणून अडलीये."

 चांगलं वागायची मला वाईट खोड आहे. मला वाटलं, बाईला जावंसं वाटतंय आणि माझ्यामुळे संकोच होतोय. आपल्या रविवारसाठी त्यांचे गुडघे अडकवून ठेवायचे, हे काही बरं नाही. मी वर गेले आणि तासभर शहाणपण पाजळलं. लिफ्टचे फायदे सांगितले. बागेचे सांगितले. नातीला सुरांची गोडी लावा म्हटलं. मी इतकं छान बोलले की मलाच ते पटायला लागलं.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी जावं, असं तुझं मत आहे."

"हो तर."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझं असं म्हणणं आहे तर जाते."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सातवा वॉल्ट्झ वाजवला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझी करंगळी नेहमीप्रमाणे रेंगाळली. मी खांदे आक्रसून बोलणी खायला तयार झाले. जाऊबाईंनी आपलं बोट बाजूला घेतलं, तो सूर गाळला आणि पुढे गेल्या.  पुढच्या रविवारीही तेच. त्या रागावल्या असत्या तर मला झोप लागली असती.

त्या आठवड्यात एका दुपारी मी दुकानातली टेप घरी आणली आणि आमच्या मागच्या खोलीचं दार मोजलं. लेक लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामी आहे. दार एक्क्याऐंशी सेंटिमीटर. मग काहीतरी निमित्त काढून वर गेले, आणि जाऊबाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात पियानो मोजला. भिंतीपासून पुढे बासष्ट. लांबीच्या बाजूने आत सरकवला तर आरामात जातो, वर दोन्हीकडे साडेनऊ साडेनऊ उरतात. दोन्ही आकडे मी एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली. तीन आठवडे ती तिथेच होती. चष्मा काढताना रोज दिसायची. आमच्याकडे राहायला या, हे वाक्य काही तोंडातून निघेना. मिठाचं सगळं डोळ्यांपुढे यायचं. त्या "तुझ्या स्वयंपाकघरात?" असं म्हणून हसल्या तर? हसल्या असत्या तर मला ते सोसलं नसतं.

सांगता येत नव्हतं, म्हणून निरोपाची भेट तरी मनासारखी द्यावी असं ठरवलं. मी त्यांच्यासाठी चष्मा केला. साधा नव्हे. वाचायचा चष्मा चाळीस सेंटिमीटरचा असतो, हातातल्या पेपरएवढा. पियानोवरचं पुस्तक त्याहून लांब असतं, आणि दूरच्या चष्म्यातून ते नीट दिसत नाही. म्हणून वाजवणारी माणसं मान पुढे काढून बसतात. मी जाऊबाईंच्या नाकापासून पुस्तकापर्यंतचं अंतर कधीच मोजून ठेवलं होतं, पंचावन्न सेंटिमीटर. बरोबर तेवढ्या अंतराच्या काचा घासून घेतल्या, फ्रेम हलकी निवडली, कानामागची दांडी स्वतः गरम करून वाकवली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका सुरेख चष्मा मी केला नव्हता.

शेवटच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर सगळीकडे खोकी. मंगळवारी शाळेची माणसं पियानो न्यायला येणार होती, बुधवारी जाऊबाई निघणार होत्या. पुतण्या आणि आमचे हे आतल्या खोलीत खोक्यांवर बसले होते. मी बाकावर बसून नव्या चष्म्याची डबी पुढे केली.

जाऊबाईंनी नवा चष्मा चढवला. मी सवयीने विचारलं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?"

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. "अगंबाई. काय लख्ख दिसतंय हे." मग खिडकीकडे पाहिलं. "बाहेरचं धूसर." मग पलीकडच्या खोक्यावरचा पेपर उचलून हातात धरला. "हेही धूसर. हा कसला चष्मा?"

"पियानोचा," मी अभिमानाने म्हटलं. "पंचावन्न सेंटिमीटरचा."

"आणि मी राहायला चाललेय ते घर कसलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांना दिसावं म्हणून जन्म घालवलेल्या बाईने, पियानो नसलेल्या घरात जाणाऱ्या माणसाला पियानोचा चष्मा भेट दिला होता. 

जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एका बाकावर बसलं की आमच्या चेहऱ्यांमधलं अंतरही जवळपास तेवढंच असतं, हे मी कधी मोजलं नव्हतं.

"यातून पुस्तक दिसतं, नि तू दिसतेस," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही. तिथे जाऊन हा घालून मी काय बघू?"

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्या डबीत होतं, चिठ्ठीवर. पण मी पुस्तकाचं पान सारखं करत बसले. जाऊबाईंनी हात पियानोवर ठेवले. "चल. सातवा."

आम्ही सुरुवात केली. डोळे भरल्यामुळे मला पुस्तकातलं काही दिसत नव्हतं, पण ढोम् ताक ताक करायला दिसावं लागत नाही. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. जाऊबाई इतक्या सुंदर वाजवत होत्या की मी पेडल योग्य वेळी सोडलं, आणि त्यांनी माझ्या पायावर पाय दिला नाही. तिसरी ओळ आली. माझा हात वर सरकत सरकत मध्यावर आला आणि करंगळी त्या पट्टीवर टेकली. समोर पेन्सिलीची अक्षरं होती आणि पुसलेल्या कान्याचा डाग होता. या वेळी मात्र मला अगदी बरोबर कळलं की उचलायची वेळ आत्ता आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मी उचललं नाही.

जाऊबाईंची करंगळी येऊन थेट माझ्या करंगळीवर पडली. त्यांचा उजवा हात दोन सूर पुढे गेला आणि थांबला. पियानो गप्प झाला.

"उचल," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अगं, उचल की. पुढे वाजवायचंय मला."

"नाही उचलत. आमच्याकडे खाली राहायला या. मागची खोली रिकामी आहे. दार एक्क्याऐंशी आहे, पियानो बासष्ट. दोन्हीकडे साडेनऊ उरतात. पायऱ्या दोनच आहेत, त्याही बुटक्या."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. त्या चष्म्यातून मी त्यांना किती स्पष्ट दिसत असेन याची मला चांगली कल्पना होती. नाकातून पाणी येत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

"हे मोजलंस कधी?"

"तीन आठवडे झाले."

"म्हणजे तीन आठवडे तू दार मोजून बसली आहेस, आणि मला लिफ्टच्या गोष्टी सांगतेयस?"

"लिफ्टचं आधी सांगितलं. मोजलं नंतर."

"मूर्ख आहेस."

"हो."

"मी मारे वाट बघतेय, की ही आता म्हणेल, मग म्हणेल. हिचं आपलं बाग नि नात." त्यांचा आवाज हलला. चौतीस वर्षं वर्गाला धाकात ठेवलेला आवाज, पण हलला. "मी काय तिथे भिंती बघत बसणार होते? विचारलं मी तुला सरळ. तुझं मत काय म्हणून विचारलं."

"चुकलं माझं. मला तुम्ही इथे हव्या आहात. मला तुमच्याशिवाय करमणार नाही, जाऊबाई. घ्या, आता बोलले."

आत खोक्यावर कोणीतरी हललं. जाऊबाईंनी आवाज खाली आणला.

"आणि मीठ?"

"तुम्ही घाला."

"दोन्ही वेळा?"

मी विचार केला. माणसाने भावनेच्या भरात सगळंच देऊन टाकू नये. "सकाळी तुम्ही, संध्याकाळी मी."

"बघू," त्या म्हणाल्या. "पोराला मी सांगते. त्याला वाईट वाटेल, पण सुट्टीत नातीला इकडे पाठव म्हणते. तिला तुझ्या जागेवर बसवीन. तिची बोटं तरी वेळेवर उचलतील."

मी ओल्या डोळ्यांनी हसले आणि आता बोट उचलावं म्हणून करंगळी हलवली. ती हलेना. जाऊबाईंची करंगळी तिच्यावर होती, चांगली दाबून धरलेली, आणि त्या मात्र शहाण्यासारख्या समोर पुस्तकाकडे बघत होत्या.

"आता तुम्ही उचला," मी म्हटलं.

"त्यांनीही मला लग्नाचं याच सुरावर विचारलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्या लाल. "बस जरा अशीच."

आम्ही बसलो. सूर केव्हाच विरला होता, तरी पट्टी तशीच खाली दबलेली. आणि त्या शांततेत, आतल्या खोलीतून, पेपरामागून, आमचे हे मोठ्याने म्हणाले, "वा!"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते बरोबर जागी पडलं.